भिकोबाचा हात

मोरेश्वर वडक्यांना त्यांच्या लेकीच्या यंत्राने नापास केलं, तेही त्यांच्याच घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कपातला चहा गार होत असताना.

ओट्यावर त्यांनी केलेला तांब्याचा हंडा होता. गणपतीपासून ते त्या हंड्यावर खपत होते. शेजारी लेकीचा, ऋजुताचा घाववाचक होता, शिवणयंत्राच्या पेटीएवढा करडा खोका. त्यातून निघालेला वाकडा दांडा हंड्याच्या अंगावरून सावकाश फिरला आणि थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली: वारशाशी जुळत नाही.

"पुन्हा बघ," मोरेश्वर म्हणाले.

"दोनदा बघितलं, दादा."

"मग तिसऱ्यांदा बघ. मी काय एकदाच हातोडा मारून थांबतो?"

ऋजुताने तिसऱ्यांदा बघितलं. यंत्राला कुणाची भीड नसते. ते पुन्हा तेच म्हणालं.

"किती जुळतोय?"

"निम्म्याहून थोडा जास्त. शिक्का मिळायला नव्वद लागतात."

"आणि भिकोबाला किती?"

"भिकोबांना कसले गुण द्यायचे, दादा? भिकोबा म्हणजेच शंभर. त्यांच्याशीच तर बाकी सगळ्यांना ताडून बघतो आम्ही."

मोरेश्वरांनी गार चहा एका घोटात संपवला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. मोरीपाशी ऋजुताची आई, शैलजाबाई, आधीच लख्ख असलेलं पातेलं परत घासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगायला हवं. तांबं बाहेरून एकसंध दिसतं, पण आतून ते बारीक कणांचं असतं, खडीसाखरेसारखं. हातोड्याचा घाव बसला की त्या जागचे कण दबतात, चपटे होतात, एकमेकांत अडकतात आणि तेवढी जागा कडक होते. घाव किती जोराचा होता, किती तिरका होता, यावर ते दबणं ठरतं. शेजारी दुसरा घाव बसला की तो पहिल्याची कड थोडी खातो, त्यामुळे आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हेही समजतं. तांबटांचं मठारकाम म्हणजे असे हजारो घाव, ओळीने, एकाला एक लागून. भांडं चकाकावं आणि टणक व्हावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते घातले गेले. आपण त्यात आपल्या मनगटाची हकिकत लिहून ठेवतोय याची त्या लोकांना कल्पना असायचं कारण नव्हतं.

ऋजुताने क्ष-किरणांनी ते कण वाचायची रीत शोधली. घावांचा क्रम लावला की त्यातून मनगट, कोपर आणि खांदा कसा हलला हे गणिताने उलगडता येतं. दोन घावांमध्ये किती वेळ गेला तेवढं तांबं सांगत नाही. बाकी माणूस डावरा होता की उजवा, कुठे दमला, कुठे त्याने हातोडा बदलला, सगळं सांगतं.

खरी मर्यादा वेगळीच. तांबं लाल होईपर्यंत तापवलं की कण नव्याने जुळतात आणि आधीचं सारं पुसलं जातं. कारागीर काम करताना भांडं मऊ करायला ते वरचेवर तापवतो, म्हणून यंत्राला शेवटच्या तापवणीनंतरचेच घाव दिसतात. ती तापवणी कोणत्या वर्षीची हे यंत्राला कळत नाही. पण झालेलं भांडं पुन्हा भट्टीत कोण घालतो? त्यामुळे या मर्यादेची कुणी फारशी चिंता केली नव्हती.

ऋजुताने सगळ्यात आधी वाचलं ते घरचं घंगाळ. पुण्याच्या तांबट आळीतल्या जुन्या घरांमधून मूळ पुरुषाच्या हातचं एक भांडं राखून ठेवायची चाल होती. बाकीची जुनी भांडी लोक खुशाल मोडीत घालत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. हे एक भांडं मात्र देवासारखं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं आणि घरात येणारी नवी सून त्यातल्याच पाण्याने न्हायची. त्याला विस्तव दाखवायचा नाही, हा दंडकच. त्या घावांमध्ये पूर्वजाचा हात राहतो, भांडं भट्टीत घालणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा अग्नी देणं, असं मानत. वडक्यांकडचं घंगाळ मोरेश्वरांच्या पणजोबांचं, भिकोबांचं.

त्या घंगाळातून जो हात निघाला त्याने भल्याभल्यांची बोटं तोंडात गेली. हजारो घाव, आणि जोरात केसाइतकाही फरक नाही. ओळ वळते तिथे मनगट किंचित आधीच वळलेलं. मग पुढचं सगळं आपल्याकडे होतं तसंच झालं. भिकोबांच्या नावाचा चौक झाला. नदीकाठच्या हस्तवारसा केंद्रात काचेमागे यंत्राचे हात उभे राहिले आणि भिकोबांच्या घावांनी नवी भांडी घडवू लागले. ती भांडी परदेशी गेली. सत्कारांना मोरेश्वर फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचे आणि पणजोबांची स्तुती अशी ऐकायचे की जणू काही ती त्यांचीच चालली आहे. लोक गालात हसायचे. ऋजुताला संकोच वाटायचा, पण बापाला एवढं खूश तिने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती काही बोलायची नाही.

त्यानंतर केंद्राने नियम आणला. बाजारात यंत्रहातांचा इतका माल झाला की माणसाने केलेलं कोणतं हेच कळेना. म्हणून हातकामाला शिक्का, आणि तो घराण्याच्या मूळ हाताशी जुळेल त्यालाच. आळीतले कामाचे गाळेही शिक्केवाल्यांनाच राहणार, बाकीच्यांनी दसऱ्यापर्यंत ते मोकळे करायचे. बहुतेकांनी आनंदाने केले. तिथे खाण्यापिण्याची दुकानं आली. शेवटी आळीत हातोडा वाजत होता तो एकट्या मोरेश्वरांचा.

मोरेश्वर काही गरीब स्वभावाचे नव्हते. आपल्यासारखा तांबट आळीत झाला नाही, हे ते न विचारता सांगायचे. इतरांना ते 'पत्रे ठोकणारे' म्हणत. खांद्याचं ऑपरेशन झालं, उजवा हात थरथरू लागला, तरी त्यांनी परीक्षेला हंडा घडवला. ऋजुताने नको म्हणून सांगितलं होतं. "तू तुझं यंत्र घेऊन ये, बाकीचं मी बघतो," असं त्यांचं उत्तर होतं.

निकालानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. केंद्राचे संचालक तेजस कर्णिक यांनी मात्र तिला आपणहून फोन केला.

"मॅडम, आकडा थोडा वर सरकवता येईल. तुमचे वडील आहेत. कोण विचारतंय?"

"मी विचारीन ना," ऋजुता म्हणाली. "उद्या आपापला बाप घेऊन लोक रांगेत उभे राहतील."

तिने फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सरकवला असतास तर काय बिघडलं असतं?"

"आई, ते खोटं झालं असतं. दादांना राग आला तरी खरं तेच आहे. भिकोबांच्या जेमतेम निम्मा हात आहे त्यांचा. मान्य करायला त्यांना जड जातंय, एवढंच."

शैलजाबाई स्वभावाने शांत. पण त्या दिवशी त्यांच्या हातातली पळी खाली आपटली.

"भिकोबा, भिकोबा! तीन वर्षं ऐकतेय मी. अगं कुठला भिकोबा? तो हात तुझ्या बापाचा आहे!"

ऋजुताला आधी वाटलं, आई रागाच्या भरात काहीतरी बोलतेय.

"आमचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट," शैलजाबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "मी न्हायचं म्हणून घंगाळ खाली अंगणात आणलं होतं. माझ्या माहेरचा टेम्पो रुखवताचं सामान उतरवून निघाला आणि मागे घेताना त्याने घंगाळ भिंतीशी चेपलं. एका बाजूने पार आत गेलं गं. मामंजी, तुझे नाना, सासवडला बहिणीकडे गेले होते, दोन दिवसांनी यायचे होते. मी दारात मटकन बसले. नव्या सुनेचा पायगुण म्हणून आयुष्यभर ऐकलं असतं मी. आणि कसं नाही ऐकलं असतं? आळीभर झालं असतं."

"मग?"

"मग काय? तुझा बाप म्हणाला, दार लाव. भट्टी पेटवली. भट्टीचा पंखा मी फिरवला, या हाताने. हिरव्या चुड्यासकट. घंगाळ लालभडक झालं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. याने ते सरळ केलं आणि मठारून काढलं, जुन्या घावावर नवा घाव, ओळ न् ओळ तशीच. जेवला नाही, उठला नाही. मामंजी आले, त्यांनी घंगाळाला नमस्कार केला, त्यांना काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. आम्ही दोघांनी शपथ घेतली होती. ती मी आज मोडली."

आईला जो पायगुणाचा प्रश्न वाटत होता तो लेकीला कणांचा प्रश्न दिसत होता. लालभडक. म्हणजे भिकोबांचा घाव न् घाव त्या दिवशी पुसला गेला. खड्डे तेवढे त्यांच्या जागी राहिले. ते खड्डे पुन्हा घडवणारं मनगट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मोरेश्वरचं. तिने जगाला दाखवलेला हात, काचेमागे रात्रंदिवस चालणारा हात, तिने ज्याच्यावर भाषणं दिली तो हात.

"पुरावा नाही पण काही," ती पुटपुटली. "त्यांची तेव्हाची भांडी सगळी विकली गेली. मोडीत गेली असतील."

शैलजाबाई उठल्या आणि त्यांनी देवघराशेजारून पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला. "त्याच आठवड्यात केला होता माझ्यासाठी. मी घाबरले होते म्हणून. हा कधी तापवलेला नाही."

यंत्राने तांब्या वाचला. निकाल आला तो ऋजुताने आईला दाखवलाच नाही, कारण आईला त्याची गरज नव्हती. भिकोबांशी इतका जुळणारा दुसरा हात त्या यंत्राने आजवर पाहिला नव्हता.

मोरेश्वर गाळ्यात हत्यारं पुसत बसले होते. शेजारच्या दुकानातून तळणाचा वास येत होता. ऋजुता समोरच्या ओंडक्यावर बसली.

"आईने सांगितलं," ती म्हणाली.

त्यांचा हात थांबला. "बायका," ते म्हणाले. आणि त्यांनी हातोडा पुन्हा पुसायला घेतला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सत्कारात, भाषणांत, सगळीकडे."

"माहीत असणार नाही तर काय? माझा हात मी ओळखत नाही? तुझ्या त्या पडद्यावर पहिल्यांदा मनगट वळताना दिसलं तेव्हाच कळलं. ओळ वळायच्या आधी वळायचं, ही माझी खोड. नाना त्याबद्दल मला शिव्या द्यायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? भिकोबाला मी भट्टीत घातला म्हणून? नाना त्या घंगाळाला हात जोडत जोडत गेले. शेवटच्या दिवशीसुद्धा ते जवळ आणायला लावलं. मी तिथेच उभा होतो आणि म्हणालो, नाना, जसंच्या तसं आहे." त्यांनी फडका झटकला. "आणि खरं सांगू? तळाशी त्याची ओळ सुटली होती. भिकोबाची. मी ती धरली. एवढा काही मोठा कारागीर नव्हता तो."

हे खरं की मोरेश्वरांची नेहमीची बढाई, हे सांगू शकणारं यंत्र आता जगात नव्हतं आणि पुढेही होणार नव्हतं. तांब्यात त्याचा माग उरला नव्हता.

ऋजुताला रडू येत होतं आणि रागही. "अहो, पण मग परीक्षा कशाला दिलीत? भिकोबांशी जुळवायचा हट्ट कशाला केलात?"

"भिकोबाशी कोण जुळवत होतं?" मोरेश्वर ओरडले. शेजारच्या दुकानातल्या पोरीने वळून पाहिलं. "मी माझ्याशी जुळवत होतो. खांदा कापल्यावर किती उरलोय ते बघायचं होतं मला. डॉक्टर म्हणतो सगळं ठीक आहे, तुझी आई म्हणते ठीक आहे. म्हटलं यंत्राला विचारू, ते तोंडदेखलं बोलत नाही." ते थांबले. "नाही बोललं."

ऋजुता पुढे झाली, त्यांच्या हाताला हात लावायला. त्यांनी तो मागे घेतला.

"मी हे जाहीर करणार," ती म्हणाली. "तुमचं नाव लागेल. कायदाही आहे, जिवंत माणसाचा हात त्याच्या संमतीवाचून यंत्राला देता येत नाही. तो चौक, ती भांडी, सगळं तुमचं आहे, दादा."

"आणि तुझी आई? चेपलेलं घंगाळ कुणासाठी भट्टीत गेलं ते सांगावं लागेल ना? या वयात तिला वाईट पायगुणाची म्हणवून घेऊ?"

"आता असलं कोण मानतं?"

"ती मानते," मोरेश्वर म्हणाले. "इतकी वर्षं तिला झोपेत तो टेम्पो दिसतो."

तरीही ऋजुता कर्णिकांकडे गेली. बेकायदा चाललेलं काम तिच्या सहीने चालू राहावं हे तिला जमेना. तिने सगळं सांगितलं, फक्त टेम्पो कुणाचा होता ते सोडून. कर्णिकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते सज्जन गृहस्थ होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

"मॅडम, मला मोरेश्वररावांबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. "पण लोक सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हातासाठी येतात. जिवंत माणसाचा हात म्हटला की म्हणतील, मग त्यालाच बोलवा, करून दाखवू दे. आणि त्यांना तर आता ते करता येत नाही. हा निकाल तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले, पेढे घेऊन. संमती द्यावी, नाव काय ठेवायचं ते मोरेश्वररावांनी ठरवावं. बदल्यात शिक्का मिळेल, गाळा कायमचा त्यांचा.

"नाव भिकोबाचंच राहील," मोरेश्वर म्हणाले. "कुठे द्यायची संमती?"

"दादा!" ऋजुता म्हणाली. "मला जन्मभर खोटं लिहावं लागेल."

"लिहिलंयस की. फक्त खोडू नकोस."

शैलजाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मोरेश्वरांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. संमतीचा अंगठा उमटला. मग कर्णिकांनी मखमली डबीतून शिक्का काढला. पितळेचा, छान घडवलेला होता.

मोरेश्वरांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत डबीत ठेवला.

"हा हाताला मिळतो ना? माझा हात नापास झालाय."

"अहो, ते आपण बघू ना आता."

"नापास तो नापास. माझ्या लेकीने तीनदा बघितलाय."

दसऱ्याच्या आत त्यांनी गाळा रिकामा केला. हातोडे एका भंगारवाल्याला दिले, घासाघीसही केली नाही. ऋजुता घरी आली की ते वर्तमानपत्र उघडत. तिच्यावर राग धरला होता असंही नाही. चहा तिच्यापुढे स्वतः सरकवायचे. पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण विचारायचं ते तिने यंत्राला विचारून झालं होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

दिवाळी झाल्यावर आईने तिला सांगितलं की दादा रोज जेवण करून कुठेतरी जातात. ऋजुता समजली. ती केंद्रात गेली तेव्हा ते काचेसमोर, सहलीला आलेल्या लोकांच्या घोळक्यात उभे होते. काचेमागे यंत्राचा हात एका घंगाळावर घाव घालत होता. ठक, ठक, ठक. ओळ वळायला आली आणि मनगट थोडं आधीच वळलं. मोरेश्वरांचा उजवा खांदा त्याबरोबर किंचित हलला.

"हा भिकोबा वडके यांचा हात," केंद्राची माहिती सांगणारी मुलगी बोलत होती. ती चांगली तयारीची होती, मनापासून सांगत होती. "सव्वाशे वर्षांपूर्वीचा. आपण आज तो जसाच्या तसा पाहतो आहोत. असा हात आज जगात कुणाकडेही नाही."

"त्यांचं घराणं आहे का अजून?" गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं.

"आहे. पण हात उतरला नाही खाली. त्यांच्यातल्या एका आजोबांनी परीक्षा दिली होती म्हणे. निम्म्यापर्यंतच आले."

लोक हळहळले. कुणीतरी चक् चक् केलं. ऋजुताने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोरेश्वरांनी तिचं मनगट धरलं. ती तिथे आल्याचं त्यांना केव्हा कळलं कोण जाणे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बरोबर सांगतेय ही," ते त्या बाईंना म्हणाले. "मी पाहिलाय तो हंडा. पत्रा ठोकला होता नुसता."

बाई सहानुभूतीने हसल्या आणि पुढच्या दालनाकडे वळल्या. घोळका त्यांच्यामागून गेला. काचेमागचा हात चालूच होता. दादांची पकड थरथरत होती, आणि इतकी सैल होती की ऋजुताला आपला हात सहज सोडवून घेता आला असता. तो सुटला तर पकडीत किती जोर उरलाय ते त्यांना कळेल, म्हणून ती हललीसुद्धा नाही.